जांघेच्या दुखण्याला केसपेपर कोणता?

प्रति,
जिल्हा शल्यचिकित्सक, अकोला
आणि
जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, अकोला

विषय : स्त्रियांच्या जांघेत व खुब्यात वारंवार उठणारे, निदान न झालेले दुखणे (तेल्हारा तालुका)



जांघ ही शरीराच्या धुऱ्यावरची जागा आहे. पोट संपते आणि पाय सुरू होतो त्या दुमडीत मांडीचे स्नायू, पोटाच्या भिंतीचे पडदे, पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, कंबरेतून उतरणाऱ्या नसा आणि लसिकाग्रंथी यांची दाटी असते. या सगळ्यांच्या मागे, खोलवर, खुब्याचा सांधा असतो. पायात रुतलेला काटा पिकला की जांघेत अवधाण येते, हे वऱ्हाडात कुणाला सांगावे लागत नाही. दुखते एकीकडे आणि मूळ दुसरीकडे, असा या भागाचा स्वभावच आहे. गर्भाशय, अंडाशय, मूत्रनळी, कंबरेचा वरचा मणका यांतून निघालेली कळही बऱ्याचदा इथेच येऊन उमटते.

तेल्हारा, हिवरखेड, अडगाव या पट्ट्यातली बाई हे दुखणे "जांगीत चमक निघते" एवढ्याच शब्दांत सांगते. त्या शब्दांत निदान नसते, तिच्या हातात मात्र पुष्कळदा असते. एखादी एका बोटाने दुमडीतली नेमकी जागा दाखवते. तिथे हर्निया, नस किंवा स्नायूचा विचार आधी करावा लागतो. दुसरी ओटीपोटावर पालथा तळवा फिरवते. तिसरी घागर कडेवर धरताना हात जसा वळतो तसा हात कंबरेखाली लावते, अंगठा मागे आणि चार बोटे पुढे. दुखणे या दोन्हींच्या मध्ये, आत कुठेतरी आहे, असे तिला सांगायचे असते. अस्थिरोगाच्या पुस्तकांत या पकडीला इंग्रजी सी अक्षराची खूण म्हणतात आणि ती सांध्याकडे बोट दाखवते. बोलीत खुबा म्हणजे बाजूला हाताला लागणारे टणक हाड. खरा सांधा त्याहून आत आणि पुढे असतो, त्यामुळे सांध्याचे दुखणे समोर जांघेत जाणवते आणि मांडीतून उतरत कधी थेट गुडघ्यात जाते. गुडघ्याचा एक्स-रे निघतो, तो चांगला येतो आणि खुबा तपासायचा राहून जातो. बाजूच्या हाडावर, कुशीवर झोपल्यावर होणारा ठणका बहुधा तिथल्या स्नायूबंधांचा असतो. कुल्ल्यातले दुखणे मणक्यातून किंवा कंबरेच्या मागच्या सांध्यातून आलेले असते. एवढा फरक पहिल्याच दिवशी केसपेपरवर लिहिला गेला तर पुढच्या निम्म्या चकरा वाचतील. प्रत्यक्षात तिथे "पाठ, कंबर, पाय दुखणे" असे लिहून खाली गोळ्यांचे नाव येते.

या दुखण्याचा आणि कामाचा संबंध वावरात उभे राहून पाहिला तर लगेच दिसतो. कपाशीच्या दोन तासांमध्ये बाई उकिडवी बसते. गुडघे छातीला टेकतात, टाचा शक्यतो जमिनीवर, एका हातात विळा, दुसऱ्या हाताने गवताचा बुडखा धरलेला. उठून पुढे जाण्यात वेळ जातो, म्हणून ती बसल्या बसल्या एक पाय सरकवते, मग दुसरा. प्रत्येक सरकण्यात खुबा पूर्ण दुमडलेला असतो आणि त्याच अवस्थेत आतल्या बाजूला वळतो. निंदणाच्या दिवसात हे सकाळपासून दुपारपर्यंत चालते. दिवाळीच्या आसपास वेचणी लागली की दुमडणे संपते आणि वाकणे सुरू होते. वेचलेला कापूस कंबरेच्या ओटीत साठत जातो, ओटी जड होईल तशी कंबर पुढे ओढली जाते, आणि मजुरी किलोवर असल्याने ओटी लवकर रिकामी करण्यात कुणाला रस नसतो. मधल्या काळात सोयाबीनची सोंगणी असते. घरी आल्यावर धुणे, भांडी, झाडझूड ही कामेही पुष्कळ घरांत उकिडवे बसूनच होतात.

खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत बसलेला गोळा. वाटीच्या काठाला कूर्चेची कड असते, नळाच्या वायसरसारखी. गोळ्याचा आकार किंचित चपटा असला, किंवा वाटीचा काठ थोडा जास्त पुढे आला असला, तर खोल दुमडताना हाड काठावर घासते आणि ती कड चिरते. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील शल्यचिकित्सक राइनहोल्ड गांझ यांनी 2003 मध्ये ही घर्षणाची कल्पना सविस्तर मांडली आणि तोवर "कारण नाही" म्हणून परत पाठवल्या जाणाऱ्या तरुण रुग्णांच्या एका मोठ्या गटाला निदान मिळाले. उलट काही मुलींची वाटी जन्मतःच उथळ असते. हा दोष मुलांपेक्षा मुलींमध्ये कितीतरी अधिक आढळतो आणि सौम्य असेल तर विशी-तिशीपर्यंत त्रास देत नाही. (लेकराला पाय फाकवून कडेवर घेण्याची इथली सवय या दोषाला आवर घालते, पाय सरळ करून घट्ट गुंडाळून ठेवण्याची सवय तो वाढवते.) दोन्ही प्रकारांत बाई सांगते ते सारखेच असते. उकिडवे बसून उठताना जांघेत चमक, पाय आत वळवताना कळ, अधूनमधून आत काहीतरी अडकल्याचा किंवा कट्‌ वाजल्याचा भास, आणि काम थांबले की आठवडाभराने आराम. उताणे झोपवून घेतलेला नेहमीचा एक्स-रे अनेकदा स्वच्छ दिसतो, कारण गोळ्याचा चपटेपणा पाय बाजूला वळवून घेतलेल्या चित्रातच उठून येतो.

तपासणीला यंत्र लागत नाही. रुग्ण उताणी, गुडघा वाकवून मांडी काटकोनात उभी, मग मांडी आतल्या बाजूला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला. त्या क्षणी जांघेतली ओळखीची कळ उठली तर सांध्यावर संशय घ्यायचा. दोन्ही बाजू मिळून दोन मिनिटांचे काम आहे. खुब्याच्या बहुतेक आजारांत सर्वांत आधी कमी होते ते हे आत वळणेच. मात्र त्यासाठी बाईला टेबलावर झोपवावे लागते, पडदा लागतो, सोबत परिचारिका लागते. खुर्चीवर बसवून, नऊवारीवरून वा पंजाबी ड्रेसवरून, चौकशी करत लिहिलेल्या चिठ्ठीत खुबा सापडत नाही.

जांघेच्या दुखण्याचा अभ्यास जगात झालेलाच नाही, असे नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये कतारची राजधानी दोहा येथे खास याच विषयावर परिषद भरली. चौदा देशांच्या चोवीस तज्ज्ञांनी बसून संज्ञा ठरवल्या : मांडीच्या आतल्या स्नायूचे दुखणे, खुबा वाकवणाऱ्या स्नायूचे, जांघेच्या नळीचे, जघनास्थीचे, खुब्याच्या सांध्याचे आणि इतर. हा करार खेळाडूंसाठी झाला. फुटबॉलपटूची जांघ दुखली तर कोणत्या क्रमाने काय दाबून पाहायचे हे आता ठरलेले आहे. तीच वर्गवारी निंदणाऱ्या बाईला जशीच्या तशी लागू होते, फक्त तिच्या बाबतीत यादी आणखी लांब आहे.

यादीतला पहिला भर हाडांचा. ड जीवनसत्त्व कमी पडले की मोठ्या माणसांची हाडे मऊ पडतात. वैद्यकात त्याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. अशा हाडात जघनास्थीच्या फांद्यांवर आणि मांडीच्या हाडाच्या मानेवर, म्हणजे नेमके जांघेभोवती, केसासारख्या भेगा पडतात. बाई बदकासारखी डुलत चालते, जमिनीवरून उठताना हात टेकते, पायऱ्या चढताना मांडी उचलत नाही. वारंवारची बाळंतपणे, लांबलेले अंगावरचे दूध, आहारातले कमी कॅल्शियम आणि अंग पूर्ण झाकून काम करण्याची पद्धत यांमुळे भरपूर ऊन असलेल्या मुलखातही हे घडते. उन्हात राबणारी बाई चेहऱ्याला दुपट्टा, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायात मोजे घालते, ती उन्हापासून वाचायला. तेव्हा "उन्हात तर असता तुम्ही" या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. रक्तातले कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज या साध्या, स्वस्त तपासण्या दिशा दाखवतात आणि उपचारही स्वस्त आहे. काही आठवड्यांत फरक पडतो. यादीतला सर्वांत सोपा आजार हाच आहे, आणि तरीही तो वर्षानुवर्षे "मणक्यात गॅप" या नावाखाली फिरत राहतो.

दुसरा भर एव्हीएनचा, म्हणजे अव्हॅस्क्युलर नेक्रोसिसचा. गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, हाड मरते, आणि पुढे गोळा खचतो. स्टिरॉइड हे त्याचे एक मोठे कारण आहे. वातावरच्या ज्या पुड्या बाजारात किंवा ओळखीतून मिळतात आणि दोन दिवसांत चमत्कार दाखवतात, त्यांत पुष्कळदा तेच असते. वऱ्हाडात आणखी एक कारण विसरून चालत नाही. सिकलसेल विदर्भात खोलवर रुजलेला आहे आणि तो केवळ सातपुड्यातल्या आदिवासींपुरता मर्यादित नाही, गावातल्या इतर समाजांतही आहे. या आजारात वाकड्या झालेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात आणि खुब्याचा गोळा ही त्यांची आवडती जागा. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. रक्ताची चाचणी आता खालच्या पातळीवरही होऊ शकते. जांघ दुखणाऱ्या तरुण बाईची सिकलसेल चाचणी आणि सिकलसेलच्या नोंदीत असलेल्या बाईच्या खुब्याची तपासणी, ही दोन कामे एकमेकांना जोडायला वेगळा निधी लागणार नाही. दुखणे नवे असताना एक्स-रे साधाच दिसतो आणि आजार एमआरआयमध्येच कळतो, ही यातली अडचण. खुब्याच्या क्षयाचेही सुरुवातीला तसेच होते. रात्रीचे दुखणे, संध्याकाळचा बारीक ताप, उतरत चाललेले वजन आणि लंगडणे एकत्र दिसले तर क्षयाची तपासणी लांबवू नये.

हर्निया हा पुरुषांचा आजार, अशी समजूत दवाखान्याबाहेर आहे तशी आतही थोडी आहे. बायकांना तो कमी होतो हे खरे, पण मांडीच्या बाजूने उतरणारा हर्निया बायकांतच अधिक दिसतो. तो लहान असतो, जाड मांडीत हाताला लागत नाही आणि आतडे अडकण्याचा धोका त्यातच मोठा. 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना त्यामुळेच स्त्रियांच्या जांघेतल्या हर्नियावर शस्त्रक्रिया लांबवू नये असे सांगतात. तपासणी उभी करून, खोकायला लावून करायची असते. आत न जाणारी दुखरी गाठ आणि सोबत उलट्या, म्हणजे त्याच दिवशी अकोला.

आता ओटीपोट. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे अस्तर बाहेर, अंडाशयावर, स्नायुबंधांवर, आतड्यावर रुजणे म्हणजे एंडोमेट्रिओसिस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननवयातल्या सुमारे दहा टक्के स्त्रियांना तो असतो आणि जगभरात निदानाला कित्येक वर्षे उशीर होतो. पाळीच्या आधी दोन दिवस जांघेत उतरणारी, मांडीत जाणारी, शौचाला किंवा शरीरसंबंधावेळी वाढणारी कळ त्याकडे बोट दाखवते. "पाळीत दुखणारच" या एका वाक्याने तो झाकला जातो. हे वाक्य आई बोलते, सासू बोलते आणि कधीकधी डॉक्टरही. ओटीपोटातला जुना जंतुसंसर्ग, जननमार्गाचा क्षय, अंडाशयाची गाठ, बाळंतपणांनंतर फुगलेल्या शिरा हे बाकीचे मानकरी. फुगलेल्या शिरांचे दुखणे उभे राहून वाढते आणि आडवे झाल्यावर उतरते, हे वेचणीच्या दिवसांत सहज लक्षात येण्यासारखे आहे. गरोदरपणात जघनास्थीचा सांधा सैल पडून होणारे दुखणे बहुतेकींचे बाळंतपणानंतर जाते. काहींचे राहते, आणि तोवर लस-डोस-वजनाच्या नोंदीत बाळ आलेले असते, आई बाहेर पडलेली असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांची नसबंदी झालेली आढळली. पुरुषांचे प्रमाण एक टक्काही नव्हते. सिझरचे टाके असलेल्याही पुष्कळ. साहजिकच जांघ दुखू लागली की बाई म्हणते, "ऑपरेशन झालं तेव्हापासून." या म्हणण्याला डॉक्टर हसतात आणि तिथेच चुकतात. बहुतेकींचा तर्क बरोबर नसेल, पण आडव्या टाक्याच्या टोकाशी जांघेकडे जाणारी बारीक नस अडकू शकते, हे सर्वमान्य आहे. ओळखण्याची युक्ती जुनी, 1926 मधील कार्नेट यांची : दुखऱ्या जागेवर बोट ठेवायचे आणि रुग्णाला मान व खांदे उचलायला सांगायचे. पोटाचे स्नायू ताणले गेल्यावर दुखणे वाढले तर ते पोटाच्या भिंतीचे, कमी झाले तर आतले. नस असेल तर त्याच जागी भुलीचे इंजेक्शन देऊन निदान आणि उपचार एकाच वेळी होतात. परकराचा नाडा रोज त्याच रेषेवर आवळल्यानेही कंबरेच्या कडेची नस दबते. मग मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या, बधिरता, आग. नाड्याची जागा खाली-वर करणे आणि तिथे रुंद पट्टी वापरणे हा त्यावरचा पहिला उपाय आहे.

पूर्णेच्या खोऱ्यात, तेल्हारा तालुक्याच्या सखल गावांत, खारपाणपट्टा लागतो. विहिरीचे पाणी खारट, तहान भागेना. त्यात वावरात आडोसा नाही म्हणून बाया दिवसभर पाणीच कमी पितात. लघवीचा जंतुसंसर्ग आणि मुतखडा या दोहोंसाठी ही तयारीच म्हणावी. बरगडीखालून सुरू होऊन जांघेत उतरणारी, माणसाला एका जागी बसू न देणारी कळ खड्याची. याच पट्ट्यात मूत्रपिंडाच्या आजारांची ओरड जुनी आहे, आणि दुखण्यावर दर आठवड्याला घेतलेली डायक्लोफिनॅकची सुई किंवा मेडिकलवरून मागून आणलेली गोळी मूत्रपिंडावरच भार टाकते. दुखणे निदानाविना राहण्याची किंमत इथे मोजता येते. जांघ बरी होत नाही आणि क्रिएटिनिन वाढते.

त्याहून मोठी किंमत पिशवीची. दुखणे थांबत नाही, सोनोग्राफीत "पिशवीला सूज" लिहून येते, आणि कोणीतरी पिशवी काढण्याचा सल्ला देते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांबाबत 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा 82,309 महिलांच्या सर्वेक्षणात 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. दर सहा जणींमागे एक. देशपातळीवर 15 ते 49 वयोगटात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. वऱ्हाडची बीडशी बरोबरी करता येणार नाही. पण जी यंत्रणा खुबा तपासत नाही तिच्याकडे दुखणाऱ्या बाईला देण्यासारखे ठळक असे एकच उत्तर उरते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी. दुखणे सांध्याचे किंवा मऊ हाडांचे असेल तर पिशवी गेल्यावरही ते राहतेच. अंडाशयेही काढली गेली असतील तर हाडे लवकर विरळ होतात, आणि विरळ हाड आधी मोडते ते मनगटात, मणक्यात किंवा याच खुब्यात.

सगळे तपासूनही काही न सापडणाऱ्या बायका असतात. दीर्घकाळच्या ओटीपोटदुखीसाठी दुर्बिणीतून पोट पाहिल्यावर सुमारे एक तृतीयांश स्त्रियांत डोळ्यांना दिसेल असे काहीच आढळत नाही, असे जुन्या आढाव्यांत नोंदलेले आहे. याचा अर्थ दुखणे खोटे, असा लावला जातो. वेदनेचे शास्त्र वेगळे सांगते. महिनोन्‌महिने कळ येत राहिली की पाठीच्या कण्यातली आणि मेंदूतली वेदनेची वाट उघडीच राहते. मूळ जखम भरली तरी साध्या हालचालीलाही कळ उठते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली, दीर्घकालीन प्राथमिक वेदना हे स्वतंत्र निदान आहे. बाईला "काही नाही, टेन्शन घेऊ नका" म्हणून पाठवण्याऐवजी हे नाव केसपेपरवर लिहिता येते. मात्र ते शेवटी लिहायचे असते. आधी टेबल, पडदा, तपासणी, रक्त, एक्स-रे, गरजेप्रमाणे सोनोग्राफी आणि एमआरआय; तोवर "अनाकलनीय" हा शब्द दुखण्याला लावण्यापेक्षा केसपेपरला लावणे जास्त बरोबर.

निदान होईपर्यंत आणि न झाले तरीही दुखण्यासोबत दिवस काढायचे असतात, आणि त्यासाठी करण्यासारखे पुष्कळ आहे. पूर्ण विश्रांती उलटते. स्नायू सैल पडले की सांध्यावरचा भार वाढतो. उताणे झोपून, गुडघे वाकवून, कंबर उचलून दहा आकडे मोजणे. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणे. असे चार-पाच व्यायाम दोन-तीन महिने नियमाने केल्यास अनेकींना फरक पडतो. दोन्ही गुडघ्यांत उशी घेऊन झोपणे, उकिडवे बसण्याऐवजी पाट किंवा बुटके स्टूल, संडासावर ठेवायची खुर्ची. निंदणात उभ्याने चालवायचे सायकल कोळपे जिथे चालते तिथे ते, आणि जिथे विळाच लागतो तिथे दर तासाला उठून धुऱ्यापर्यंत जाऊन येणे. मुकादम याला काय म्हणेल, हा प्रश्न खरा आहे. पण ठेक्याऐवजी रोजाने काम असेल तर ते जमते. घरकाम वाटून घेण्याची गोष्टही उपचारातच मोडते, ती चिठ्ठीवर लिहिली तर घरात ऐकली जाण्याची शक्यता वाढते. घरातल्यांच्या लेखी डॉक्टरच्या अक्षराला वजन असते.

सर्वांत स्वस्त साधन भिंतीवर टांगलेले आहे. कालनिर्णयावर दुधाचा हिशेब, सिलिंडरची तारीख, बचत गटाचा हप्ता लिहिलेला असतोच. त्याच चौकटीत दुखलेल्या दिवशी फुली, पाळीच्या दिवशी टिकली, निंदण-वेचणीला गेलेल्या दिवशी एक आडवी रेघ. तीन महिन्यांनी पाने उलटली की फुल्या टिकल्यांच्या आगेमागे गोळा झालेल्या दिसतात, किंवा रेघांच्या पाठोपाठ येतात, किंवा कशालाच न जुमानता रोज असतात. पहिली स्त्रीरोगतज्ज्ञाची केस, दुसरी सांध्याची, तिसरीत रक्ततपासणी, क्षय आणि हाड आधी पाहायचे. आशा कार्यकर्तीला हे शिकवायला अर्धा तास पुरेल.

महाराष्ट्रात खेड्यातल्या स्त्रियांच्या न तपासलेल्या दुखण्यांची पहिली नीट मोजणी विदर्भातच झाली. गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी केली आणि निष्कर्ष जानेवारी 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. 92 टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, सरासरी प्रत्येकीला साडेतीनाहून अधिक. आधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के होत्या. त्या काळी गावातल्या बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढीच सरकारी व्याख्या होती. त्या आकड्यांनी ती व्याख्या मोडली. 26 सप्टेंबर 2022 पासून राज्याने 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' मोहीम घेतली, अठरा वर्षांवरील स्त्रियांचे वजन, हिमोग्लोबिन, रक्तदाब, साखर पाहिली गेली. वसा आणि अमिर्झाच्या तपासणीतला धडा असा होता की विचारल्याशिवाय बाई सांगत नाही आणि झोपवून तपासल्याशिवाय कळत नाही. मोहिमेच्या तक्त्यात जांघ, खुबा, चालण्याची ढब यांना एखादा रकाना मिळाला तर तो धडा वाया जाणार नाही.

उरतो प्रश्न हे सगळे कोणी करायचे याचा. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे. तेल्हाऱ्याचे ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकाकडे. अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय 2002 मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे, म्हणजे तिसऱ्याच विभागाकडे. पिशवी पाहायची तर जिल्हा स्त्री रुग्णालय, हाड पाहायचे तर सर्वोपचार. दोन इमारती, दोन रांगा, दोन केसपेपर, आणि एका कागदावर दुसऱ्याचा उल्लेख नाही. स्त्री रुग्णालयात "स्त्रीरोगाचे काही नाही" आणि सर्वोपचारमध्ये "हाडाचे काही नाही" एवढे ऐकून बाई संध्याकाळच्या एसटीने परतते. तो दिवसाचा रोज बुडालेला, भाडे गेलेले. दोन नकारांची बेरीज तिच्या घरात "हिला काही झालेलंच नाही" अशी होते.

मागणी मोठी नाही. तेल्हारा ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातला एक ठरलेला दिवस, त्या दिवशी महिला डॉक्टर किंवा परिचारिकेची हजेरी, झोपवून तपासण्याचे टेबल आणि त्याला खरोखर बंद होणारा पडदा. एकच पान असलेला तपासणी-तक्ता, ज्यावर दुखऱ्या जागेचे चित्र, खुबा वळवण्याची चाचणी, खोकून हर्निया, कार्नेट, पाळीशी संबंध, आधीच्या शस्त्रक्रिया, घेतलेल्या सुया-पुड्या यांच्या खुणा करता येतील. खुब्याचा एक्स-रे दोन्ही स्थितींत. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन आणि सिकलसेल चाचणी. महिन्यातून एकदा अस्थिरोग आणि स्त्रीरोग या दोन्ही तज्ज्ञांनी त्याच दिवशी, त्याच खोलीत बसणे. ते न जमल्यास ई-संजीवनी या टेलिमेडिसिन सेवेवर दोघांना एकत्र जोडणे. अकोल्याला पाठवताना तोच तक्ता सोबत जावा आणि उत्तरही त्याच पानावर परत यावे. प्राथमिक आरोग्य केंद्रांनी बाई पाठवायची ती याच दिवशी. त्यासाठी दोन्ही कार्यालयांच्या सह्यांचे एक परिपत्रक पुरे आहे.

दिवस आठवडी बाजाराचा धरावा. त्या दिवशी बाया कामाला न जाता तशाही तेल्हाऱ्याला येतात, आणि दवाखान्यात का गेली होती हे घरी सांगावे लागत नाही. वेळ अकराच्या पुढे. त्याआधी खेड्यांवरून आलेल्या गाड्या पोचलेल्या नसतात. निंदण जुलैत लागते, तेव्हा तक्ते जूनच्या आत छापून यायला हवेत.

तेल्हारा, जि. अकोला